मोबाईल हातात, कॉम्प्युटर घरात: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत आलाय, मोबाईलवरून घरचा कॉम्प्युटर चालवायचा कसा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय. आधी एकच बघा, तुम्ही त्याच घरात बसून चालवणार की बाहेरून, कारण या दोन्हीची कामं पूर्ण वेगळी आहेत आणि बरेच जण घरातल्या कामासाठी बाहेरचं अवजड अ‍ॅप टाकून बसतात.

प्रश्न: कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय, पण पिक्चर थांबवायला दर वेळी उठून माउसपाशी जावं लागतं. मोबाईलचा माउस करता येईल का, आणि त्याला इंटरनेट लागतं का?

येतो, आणि इंटरनेट अजिबात लागत नाही, दोन्ही एका वायफायवर असले की झालं. मी स्वतः केडीई कनेक्ट वापरतो. कॉम्प्युटरवर एक आणि मोबाईलवर एक असं टाकायचं, मोबाईलवरून जोडणी मागायची, कॉम्प्युटरवर मान्य करायची. मग मोबाईलची काच म्हणजे टचपॅड, बोट फिरवलं की टीव्हीवर बाण फिरतो, शिवाय गाणं थांबवायची, आवाज कमीजास्त करायची बटणं वेगळी मिळतात आणि तीच जास्त वापरली जातात. युनिफाइड रिमोट पण याच जातीचं. इथे स्क्रीन मोबाईलवर येतच नाही, फक्त तुमच्या बोटाची हालचाल जाते, म्हणून ते इतकं चटकन चालतं.

दोघं एकमेकांना दिसत नसतील तर पहिलं बघा मोबाईल राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना, तिथे एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसू नये अशीच सोय केलेली असते. दुसरं म्हणजे विंडोजने तुमचं वायफाय पब्लिक धरलंय का, धरलं असेल तर प्रायव्हेट करा. आणि फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा प्रोग्रॅम) असेल तर केडीई कनेक्टसाठी १७१४ ते १७६४ हे पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची नंबर दिलेली दारं, मोकळे लागतात, पण फक्त घरातल्या नेटवर्कपुरते.

कॉम्प्युटरवर काहीच टाकायचं नसेल तर ब्लूटूथ आहे. अँड्रॉइड ९ पासून मोबाईल स्वतःला ब्लूटूथ कीबोर्ड-माउस म्हणून सादर करू शकतो, तशी अ‍ॅप्स आहेत, कॉम्प्युटरला वाटतं खराच कीबोर्ड जोडलाय. काही मोबाईल कंपन्या ही सोय बंद ठेवतात, त्यामुळे आधी करून बघा.

प्रश्न: बाहेर असताना घरच्या कॉम्प्युटरवरची फाईल उघडायची असते. मोबाईलवर मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉपचं अ‍ॅप टाकलं पण जोडलंच जात नाही. माझ्याकडे विंडोज होम आहे.

होम आहे इथेच उत्तर आलं. होम एडिशनच्या कॉम्प्युटरमध्ये रिमोट डेस्कटॉपने कुणाला आत घ्यायची सोयच नाही, ती प्रोमध्ये आहे, मोबाईलवर कितीही अ‍ॅप्स बदला. प्रो असूनही लॉगिन होत नसेल तर दोन गोष्टी तपासा. अकाउंटला पासवर्डच नसेल तर ते बाहेरून घेत नाही. आणि रोज पिन टाकून आत जाणाऱ्यांना खरा पासवर्ड आठवत नसतो, पण इथे तोच लागतो, तो चार आकडी पिन चालत नाही. यात किती लोक अडकतात!

होमवाल्यांसाठी मी क्रोम रिमोट डेस्कटॉप सांगेन. दोन्हीकडे एकच गूगल अकाउंट, कॉम्प्युटरवर कमीत कमी सहा आकडी पिन ठरवायचा, आणि मोबाईलवर अ‍ॅपमधून किंवा सरळ ब्राउझरमधून उघडायचं. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये ट्रॅकपॅड मोड घ्या हो, नाहीतर मोठा डेस्कटॉप तळहाताएवढ्या काचेवर आल्यावर खिडकी बंद करायची ती बारकी फुली बोटाखाली लपते आणि तीनदा भलतंच काहीतरी उघडतं. ट्रॅकपॅड मोडमध्ये बोट कुठेही फिरवा, बाण हळूच सरकतो, एकदा टॅप म्हणजे क्लिक, दोन बोटांनी टॅप म्हणजे राइट क्लिक, दोन बोटं सरकवली की स्क्रोल. दहा मिनिटांत हात बसतो.

प्रश्न: सगळं नीट बसवलं, घरात चाललं. बाहेर गेलो की कॉम्प्युटर ऑफलाइन दाखवतो. काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही, झोपलाय तो. माझंही हेच झालेलं, प्रवासात एक कागद हवा होता, घरून निघताना कॉम्प्युटर मुद्दाम चालू ठेवलेला, आणि अर्ध्या तासाने बघतो तर यादीत त्याचं नाव करडं. स्लीपची वेळ ३० मिनिटं होती एवढंच. घरात कुणीच नव्हतं, म्हणजे साधा कीबोर्डला हात लावून उठवायलाही कोणी नाही, परत येईपर्यंत थांबलो.

सोपा उपाय म्हणजे पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जरवर असताना स्लीप कधीच नाही असं करा, स्क्रीन बंद होऊ दे, त्याने काही अडत नाही. लॅपटॉप असेल तर झाकण बंद केल्यावर काय करायचं तेही वेगळं बदलावं लागतं. आणि लाईट जाऊन आल्यावर डेस्कटॉप आपोआप चालू व्हावा अशी सोय बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) असते, ती चालू करून ठेवा.

पण दिवसरात्र मशीन चालू ठेवणं पटत नसेल (मलाही पटत नाही) तर वेक ऑन लॅन बसवा, थोडी मेहनत आहे पण ती सार्थकी लागते. कॉम्प्युटर बंद असला तरी नेटवर्क कार्ड थोड्याशा करंटवर जागं राहतं आणि एका ठराविक निरोपाची वाट बघतं. त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात, आत फक्त १०२ बाइट, आधी सहा वेळा एफएफ आणि मग त्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख नंबर, सोळा वेळा. आपला अ‍ॅड्रेस दिसला की कार्ड मदरबोर्डला उठवतं. यासाठी बायोसमध्ये ते चालू हवं, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डाला कॉम्प्युटर उठवायची परवानगी हवी, आणि फास्ट स्टार्टअप (विंडोजची लवकर सुरू व्हायची सोय) बंद केलेलं बरं, त्याच्यामुळे शटडाउननंतर बऱ्याचदा उठतच नाही. कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडा, वायफायवर हा प्रकार भरवशाचा नाही. आता शटडाउन करून मागे वाकून केबलच्या पिनेपाशी बघा, बारका दिवा लुकलुकत असेल तर कार्ड जागं आहे, विझला असेल तर मोबाईलवरून कितीही निरोप पाठवा, ऐकायला कुणी नाही.

एक अडचण उरते, हा निरोप घरातल्या नेटवर्कपुरताच फिरतो, बाहेरून इंटरनेटवरून सरळ येत नाही. म्हणून घरात कायम चालू असणारं एखादं छोटं यंत्र लागतं जे तुमच्या वतीने आत हाक मारेल. काही राउटरमध्येच ही सोय असते, नसेल तर रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर ते काम करतो.

प्रश्न: एका व्हिडिओत सांगितलंय की राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करा, कुठलंही अ‍ॅप लागत नाही. करू का?

नका करू. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून त्या दारावर आलेली हाक राउटरने सरळ तुमच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे आणि तो उघडा सापडतोय का हे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटभर अखंड फिरत असतात, सापडला की पासवर्ड मारत बसतात. नंबर बदलून ३३९० केला तरी लपत नाही, ते सगळेच नंबर वाजवून बघतात. आणि पासवर्ड भक्कम असला तरी पुरत नाही, मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची फट उघड झाली तिच्यात पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं, विंडोज ७ पर्यंतच्या जुन्या मशिन्सवर. प्रकरण इतकं गंभीर की मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, जिचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला.

व्हीएनसी, म्हणजे दुरून स्क्रीन चालवायची दुसरी पद्धत, तिचा ५९०० पोर्ट तर त्याहून वाईट. तिच्या जुन्या मूळ प्रकारात पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात, तुम्ही वीस अक्षरांचा ठेवला तरी, आणि पुढचा मजकूर उघडाच जातो.

शिवाय पुष्कळांचा पोर्ट उघडून चालणारच नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसत असेल तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय, बाहेरून हाक मारली तर तुमच्यापर्यंत येतच नाही.

मग काय करायचं? खासगी बोगदा काढायचा, म्हणजे व्हीपीएन, ज्यातून फक्त तुमचीच डिव्हाइस एकमेकांशी बोलतात. वायरगार्ड त्यासाठी उत्तम आहे, २०२० मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आला. स्वतः मांडणी करायची नसेल तर त्याच्यावरच उभं असलेलं टेलस्केल घ्या, मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे टाकून एकाच अकाउंटने लॉगिन केलं की जगात कुठेही असा, दोघं जणू एकाच घरात आहेत. राउटरला हात लावावा लागत नाही, वर सांगितलेला वाटून दिलेला पत्ता असला तरी चालतं. मग त्या बोगद्यातून रिमोट डेस्कटॉप वापरा, व्हीएनसी वापरा, बाहेरच्याला दार दिसतच नाही.

प्रश्न: आईला फोन आला, बँकेतून बोलतोय, एक अ‍ॅप टाका आणि त्यावरचा नंबर सांगा. तिने सांगितला. मग घाबरून फोन ठेवला. आता काय करू?

आधी तिच्यावर रागावू नका, हे लोक बोलण्यात पटाईत असतात. तिच्या मोबाईलचं किंवा कॉम्प्युटरचं इंटरनेट आत्ताच्या आत्ता बंद करा, वायफाय, डेटा, केबल, सगळं. तो नंबर सांगून वर परवानगीचं बटण दाबलं असेल तर समोरच्याला तिची स्क्रीन दिसते, बऱ्याचदा चालवताही येते, म्हणजे ओटीपी आला तर तोही त्याने वाचला असणार. बँकेला तिच्या पासबुकावर किंवा कार्डावर छापलेल्या नंबरवर फोन करा, नेटवर शोधून मिळालेल्या नंबरवर नको. अ‍ॅप काढून टाका, पण त्याआधी त्यात कायमचा प्रवेश देणारा पासवर्ड कुणी ठेवलाय का ते बघा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, त्याच डिव्हाइसवरून नाही.

आणि तुम्हाला स्वतःला दुरून तिला मदत करायची असते तेव्हा असंच स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उपयोगी पडतं, फक्त तिच्याशी एक ठरवून ठेवा, नंबर तिने तेव्हाच सांगायचा जेव्हा फोन तिने स्वतः तुम्हाला लावलेला असेल.

प्रश्न: मी बाहेरून कॉम्प्युटर चालवत असताना घरातल्यांना मॉनिटरवर दिसतं का?

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडलात तर घरची स्क्रीन लॉक होते, दिसत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉपसारख्या अ‍ॅप्समध्ये साधारणपणे सगळं दिसतं, बाण आपोआप हलताना बघून घरातले दचकतात, तेव्हा आधी एक फोन करून सांगा.