टोचणी आहे, पश्चात्ताप नाही

स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ डंकन राजाचा खून करून गादी बळकावतो, त्या शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

चेटकिणींनी भाकीत केलं नसतं, तर डंकन राजाचा खून झालाच नसता. मग दोष मॅकबेथला कसा द्यायचा? (एम.ए.ची विद्यार्थिनी, सातारा)

भाकीत वेगळं आणि हुकूम वेगळा. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी मॅकबेथला ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे होणारा राजा अशा तीन नावांनी हाक मारतात. ग्लॅमिसची सरदारकी त्याच्याकडे आधीपासून आहे. कॉडॉरची त्याला द्यायची हे डंकनने आदल्याच प्रवेशात ठरवलंय. प्रेक्षकांना ते ठाऊक आहे, मॅकबेथला अजून नाही. म्हणजे खरं भविष्य एकच उरलं, आणि त्यात खुनाचा उच्चारसुद्धा नाही. तो शब्द पहिल्यांदा येतो मॅकबेथच्याच तोंडी, त्याच प्रवेशातल्या स्वगतात. भाकीत ऐकून तो दचकतो, तेव्हा सोबतचा सरदार बँको विचारतो की एवढी चांगली गोष्ट ऐकून दचकायला काय झालं? मनात आधीच काहीतरी घोळत असल्याशिवाय माणूस असा दचकत नाही.

बँकोलाही भाकीत मिळतं: तू राजा होणार नाहीस, पण राजांचा पूर्वज होशील. तो काहीही करत नाही.

त्याच प्रवेशाच्या सुरुवातीचा खलाशाचा किस्सा बरेच जण गाळतात. कृपा करून गाळू नका. खलाशाच्या बायकोने चेस्टनट द्यायला नकार दिला म्हणून चेटकीण तिच्या नवऱ्याचा सूड घेणार आहे. एक्याऐंशी आठवडे ती त्याला झोप लागू देणार नाही, वादळात घुसळून काढणार. पण त्याचं जहाज मात्र तिला बुडवता येत नाही. चेटकिणींची ताकद एवढीच. झोप उडवणं त्यांच्या हातात आहे, बुडायचं ते मॅकबेथ स्वतः बुडतो.

दुसरं टोकही गाठू नका. चेटकिणी म्हणजे निव्वळ मनाचा खेळ, असं नाटकात नाही. बँकोही त्यांना पाहतो. नाटक साधारण १६०६चं. तेव्हा गादीवर असलेल्या पहिल्या जेम्सने १५९७ मध्ये चेटूकविद्येवर स्वतः ग्रंथ लिहिला होता आणि १६०४ मध्ये इंग्लंडात चेटकाविरुद्ध अधिक कडक कायदा झाला होता. त्या प्रेक्षकांना चेटकीण खरीच वाटे. जेम्सचं घराणं बँकोपासून आलं अशी समजूत असल्यामुळे, मूळ बखरीत खुनाच्या कटात सामील असलेला बँको इथे स्वच्छ झाला आहे.

वर्गात शिकवताना 'महत्त्वाकांक्षा' आणि 'पश्चात्ताप' हे शब्द वापरतो. मुलांना नाटक पटत नाही. काय चुकतंय? (शिक्षक, रत्नागिरी)

दोन्ही शब्द चुकतायत. महत्त्वाकांक्षा आपल्याकडे गुणगौरव समारंभात बोलला जाणारा शब्द आहे. ती असावी असंच मुलांना सांगितलेलं असतं. मॅकबेथची आहे ती हाव. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात तो स्वतःच हिशेब मांडतो: डंकन माझा नातेवाईक, मी त्याचा सरदार, आज तो माझ्या घरचा पाहुणा, शिवाय राजा म्हणून भला. खुनाच्या बाजूला मांडायला त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे उडी मारायच्या नादात पलीकडे जाऊन आपटणारी हाव. हे सगळं कळूनही तो खून करतो. हा उतारा फळ्यावर दोन रकाने करून मांडा. एक रकाना जवळजवळ रिकामा राहतो, तो मुलांना दिसू द्या.

पश्चात्तापाचंही तसंच. पश्चात्तापात माणूस मागे वळतो, कबुली देतो, घेतलेलं परत करतो. मॅकबेथला आहे ती टोचणी. खून करून आल्या आल्या त्याला दुःख कशाचं, तर दोघा झोपलेल्यांनी देवाचं नाव घेतलं तेव्हा 'आमेन' आपल्या घशातून निघालं नाही, याचं. बँकोचं भूत दिसतं त्या मेजवानीनंतर तो म्हणतो की रक्तात इतका आत आलोय की परतणं आणि पलीकडे जाणं सारखंच जड. आणि तो पलीकडे जातो: त्याच्या विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराची बायकामुलं मारली जातात. टोचणी माणसाला थांबवतेच असं नाही. टोचणी बंद व्हावी म्हणून तो पुढचा खून करतो. वर्गात एवढं पोचलं तरी मुलं नाटकाला धरून राहतील.

मराठी रूपांतर हवं असेल, तर शि. म. परांजपे यांचं 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (१९५४) ही दोन समोरासमोर ठेवून वाचायला द्या.

आम्ही संक्षिप्त प्रयोग बसवतोय. खंजीर आणि बँकोचं भूत रंगमंचावर दाखवावं का? रक्ताचं काय? (महाविद्यालयीन नाट्यगट, नागपूर)

डंकनच्या खुनाआधी मॅकबेथला हवेत दिसणारा खंजीर दाखवू नका. संहितेत त्याला रंगसूचना नाही, आणि दोरीला लटकलेला किंवा प्रोजेक्टरने पडद्यावर पाडलेला खंजीर दिसला की प्रेक्षक नटाकडे पाहणंच सोडतो. नटाने हवेत एक बिंदू पक्का धरावा, छातीच्या उंचीवर, मूठ आपल्याकडे. नजर बोटभर सरकली तरी खंजीर नाहीसा होतो.

मॅकबेथने मारेकरी घालून मारलेल्या बँकोचं भूत मात्र दाखवा. १६२३च्या छापील प्रतीत बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं, अशी स्पष्ट सूचना आहे. १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग पाहिलेल्या सायमन फोरमननेही खुर्चीत बसलेलं भूत नोंदवून ठेवलंय. चेटकिणी मॅकबेथ आणि बँको दोघांना दिसतात, भूत मॅकबेथला आणि प्रेक्षकांना, खंजीर फक्त मॅकबेथला. ही उतरंड सांभाळली की माणूस कसा एकटा पडत जातो, ते आपोआप दिसतं. नेहमी बिघडतं ते भुताच्या प्रवेशात: धूर, हिरवा दिवा, संगीत. त्याला साधेपणाने चालत येऊ द्या, मॅकबेथचं तोंड दुसरीकडे असताना. जागा भरलेली आहे हे प्रेक्षकांना त्याच्या आधी कळायला हवं.

रक्तासाठी वाटीभर घट्ट साखरेचा पाक, त्यात लाल खायचा रंग आणि गडदपणासाठी अर्धा चमचा कोको. कोको आधी थोड्या कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. रंग कातडीवर आणि सुती कापडावर चढतो, म्हणून आदल्या दिवशी दोन्हीवर लावून, धुऊन बघा. आणि द्वारपालाचा प्रवेश कापू नका. वेळ वाचवायला सगळे आधी तोच कापतात. दुसऱ्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी दारावर चार वेळा ठोठावलं जातं, मॅकबेथ आणि त्याची बायको हात धुवायला आत जातात. द्वारपाल बोलत असतो तेवढ्यातच नटाला हात धुऊन, कपडे बदलून परत यायचं असतं. तो प्रवेश गेला, की मॅकबेथ ओल्या लाल बोटांनी पाहुण्यांचं स्वागत करतो.

थिएटरात या नाटकाचं नाव घेत नाहीत, हे खरं का? (वाचक, लंडन)

इंग्लंडमधले अनेक नट आजही 'स्कॉटिश नाटक' म्हणतात, हे खरं. नाव घेतलं की अपशकुन होतो, असा समज. पण पहिल्याच प्रयोगात नट मेला वगैरे कथांना त्या काळातला पुरावा नाही. अंधारात तलवारी चालवायच्या नाटकात अपघात होतात. मारामारीची तालीम पूर्ण उजेडात आणि आधी संथ गतीने करा.

लेडी मॅकबेथचा, म्हणजे मॅकबेथच्या बायकोचा, झोपेत चालण्याचा प्रवेश करतेय. मेणबत्ती हातात ठेवू की खाली? (हौशी अभिनेत्री, पुणे)

खाली ठेवा. सारा सिडन्सने १७८५ मध्ये लंडनला ही भूमिका केली, तोवर मेणबत्ती हातातच ठेवायची प्रथा होती. तिने ती मेजावर ठेवली, कारण हात धुवायला दोन्ही हात लागतात. थिएटरचा मालक शेरिडन आधी घाबरला होता.

खुनाच्या रात्री हीच बाई म्हणाली होती की थोड्या पाण्याने सगळं धुऊन निघेल. आता दासी सांगते, पाव पाव तास हात चोळत बसतात. त्यामुळे धुणं हातवाऱ्यात उरकू नका. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मग तळवा. मध्येच थांबून हात नाकाशी. तिला आधी डाग दिसतो, वास नंतर येतो, आणि वासापाशी तिचे शब्द संपून नुसता उसासा राहतो. या प्रवेशात तिची पद्याची लय सुटलेली आहे, तेव्हा वाक्यं जोडून घेऊ नका. डंकन, मॅकडफची बायको, बँको असे तुकडे येतील तसे येऊ द्या. डोळे उघडे, पण डॉक्टर आणि दासी यांच्यावर नजर एकदाही ठरू देऊ नका. शेवटी दारावरची थाप फक्त तिलाच ऐकू येते. विंगेतून आवाज देऊ नका.