पिशवीतले सात अर्धवट कपडे

डिसेंबर लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: घर, नोकरी आणि सणवार सांभाळून विणकाम-शिवणकाम जमत नाही, तर ते सोडूनच द्यावे का? गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका बाईंनीही पहिल्याच भेटीत हेच विचारले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्या सकाळी एका कार्यालयात काम करीत आणि दुपारनंतर शिवणयंत्रावर बसत. सोबत आणलेली कापडी पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर रिकामी केली. तीत सात अर्धवट कामे होती: लग्नसराईचे दोन अस्तराचे ब्लाउज, शेजारणीच्या मुलीच्या नाताळच्या फ्रॉकचे न बेतलेले कापड, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एक पोशाख, संक्रांतीसाठी काळ्या कापडाचे दोन झबले-टोपडे आणि बेळगावच्या भाचीच्या बाळासाठी सुयांवर चढवलेला स्वेटर. रात्री दोनला जाग येते, कोणाचे काय राहिले याची उजळणी सुरू होते आणि सकाळी मुलावर विनाकारण आवाज चढतो, असे त्यांनी सांगितले. यजमानांचे म्हणणे एवढेच होते की, "हे सगळे बंद कर."

झोप मोडते म्हटल्यावर मी आधी इतर चौकशी केली. मन सतत उदास असते का, कशातच गोडी वाटत नाही असे झाले आहे का, जगणे नको वाटते का, हे विचारल्याशिवाय अशा तक्रारीला केवळ कामाचा ताण म्हणणे योग्य नव्हे. तसे काही आढळले असते तर मी त्यांना बांबोळीला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते, आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिला असता. तसे काही नव्हते. उलट, सुया हातात घेतल्या की जीव शांत होतो, असे त्याच म्हणाल्या. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत 3,545 विणकाम करणाऱ्यांनी उत्तरे दिली होती. जे अधिक वेळा विणत, त्यांनी शांत आणि आनंदी वाटण्याची नोंदही अधिक केली होती. पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही हे खरे, पण झोपेची तक्रार आली म्हणून एखाद्याचा विसावाच काढून घेणे मला पटले नाही.

त्यानंतर मी एक चूक केली. रात्री आठ ते साडेनऊ हातकाम आणि त्यानंतर दिवा बंद, असे सुबक वेळापत्रक मी त्यांना आखून दिले. ते आठवडाभरही टिकले नाही, आणि दोष त्यांच्या शिस्तीचा नव्हता. ज्या कामाला किती वेळ लागतो हेच आम्हा दोघींना ठाऊक नव्हते, त्या कामाचे आम्ही तास वाटून टाकले होते.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी फक्त मोजायला सांगितले. अस्तराचा ब्लाउज "दोन तासांचा" म्हणून त्या घेत. प्रत्यक्षात बेतणे, शिलाई, हूक, हातशिलाई आणि अंगावर घालून पाहायला आलेल्या बाईंशी बोलणे धरून चार तास होत होते. स्वेटरची पाठ 72 टाक्यांची होती आणि एका ओळीला साडेतीन मिनिटे लागत. 80 ओळी म्हणजे 4 तास 40 मिनिटे. पुढचे दोन भाग, बाह्या, गळा, शिवण आणि बटणे धरली तर हिशेब सोळा तासांच्या आसपास गेला. त्यांनी मनात धरले होते "दोन संध्याकाळी".

हा अंदाज चुकण्याचा प्रकार केवळ त्यांचाच नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारले होते की, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर सुमारे 34 दिवसांचे होते, आणि सगळेच बिनसले तर सुमारे 49. प्रत्यक्षात 55 हून अधिक दिवस लागले. ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या प्रथमच मोकळेपणाने हसल्या. आपण आळशी नाही, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेच नव्हते.

परंतु अंदाज चुकतो हे कळल्यावरही त्या नवी कामे घेतच होत्या, आणि त्याचे कारण तिसऱ्या भेटीत निघाले. 2018 च्या मार्चमध्ये राज्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा त्यांचा ट्रक कामाविना दारातच उभा राहिला आणि त्या काळात घर शिवणयंत्रावर चालले. आता यजमानांना दुसरे काम आहे, परिस्थिती सावरली आहे, तरीही दारात कापड घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणताना त्यांना ते दिवस आठवत. "आज परत पाठवले, उद्या कोणी आलेच नाही तर?" हे वाक्य त्यांनी तीनदा उच्चारले. मला वाटते, खरी गाठ इथेच होती. शिवण हा त्यांचा आधार होता आणि विणकाम हा विसावा. दोन्ही एकाच पिशवीत गेल्यामुळे विसाव्यालाही देणे चिकटले होते.

मग आम्ही पिशव्याच दोन केल्या. शिवणाच्या पिशवीत एका वेळी तीनच कामे ठेवायची, आणि चौथे आले तर देण्याची तारीख मोजलेल्या तासांवरून सांगायची, असे ठरले. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची शिलाई रात्रीच्या दिव्यात करून त्यांचे डोळे दुखत होते. ते काम रविवारच्या सकाळी अंगणाच्या उजेडात गेले. विणकामाला मी वेळ ठरवूनच दिली नाही. ज्या भागात टाके मोजावे लागत नाहीत तो भाग बसची वाट पाहताना किंवा जत्रेत नाटक सुरू होईपर्यंत विणता येतो, नक्षीचा भाग मात्र घर शांत असतानाच हाती घ्यावा, आणि हातातले ठेवण्यापूर्वी ओळ पूर्ण करून तिचा क्रमांक चिठ्ठीवर लिहावा, इतकेच पुरेसे झाले. लोकरीचे गुंडे करण्याचे काम सासूबाईंनी आपणहून उचलले.

सगळेच गोड झाले असे नाही. नाताळच्या फ्रॉकचे कापड त्यांनी बारा दिवस आधी परत केले, कारण तेवढ्यात दुसरीकडे शिवून मिळणे शक्य होते. शेजारीण तरीही रागावली आणि सबंध जानेवारी त्यांच्या दारात फिरकली नाही. त्या आठवड्यात त्यांची झोप पुन्हा मोडली होती, हेही नोंदवले पाहिजे.

रथसप्तमीनंतर त्या शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा हातात स्वेटर होता, तोही अजून अपुराच. जानेवारीच्या आरंभी उरलेल्या ओळी मोजून पाहिल्यावर थंडी संपण्यापूर्वी तो बेळगावला पोचणार नाही हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि बाळ काही त्याच मापाचे राहणार नव्हते. तेव्हा विणून झालेली सगळी पाठ त्यांनी उसवली आणि 90 टाके घालून पुढच्या हिवाळ्याच्या मापाने पुन्हा सुरुवात केली. बोलता बोलता त्यांनी सुया बाहेर काढल्या, आणि "तुमची हरकत नाही ना, मॅडम?" असे विचारून विणू लागल्या.