शेत वेळेवर निवडण्याविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

इंजिनाविना ग्लायडर उडवताना किती खाली येईपर्यंत थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, शोधत राहावी आणि शेतात उतरायचे केव्हा ठरवावे, असे तू विचारले आहेस. जमिनीपासून सुमारे २,००० फुटांवर असताना उतरण्याजोगा टापू आवाक्यात असावा, १,५०० फुटांवर त्यातले एक शेत पक्के झालेले असावे आणि १,००० फुटांवर त्या शेताचे सर्किट, म्हणजे उतरण्यापूर्वीचा ठरावीक फेरा, सुरू व्हावे. त्यानंतर व्हेरिओमीटरचा, म्हणजे चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा वर गेला तरी त्या हवेच्या मागे लागू नये. चूक बहुधा शेताच्या निवडीत नसते, निवड लांबवण्यात असते.

हे आकडे जमिनीपासूनचे आहेत आणि आपल्याकडे नेमका इथेच घोटाळा होतो. सांब्र्याच्या बेळगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,५०० फुटांवर आहे. अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला असून काटा ४,००० दाखवत असेल, तर बेळगावच्या शिवारावर तुझ्या हाती जेमतेम १,५०० फूट उरलेले असतात, म्हणजे शेत ठरवण्याची वेळ झालेली असते. अथणीकडे जमीन बरीच खाली उतरते, तिथे त्याच काट्याचा अर्थ बदलतो. म्हणून झाडे, घरे आणि गुरे किती मोठी दिसतात यावरून उंची जोखायला आतापासूनच शिक.

पिकांकडे फार बारकाईने पाहा. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात उसाचे फड वरून सपाट, मऊ हिरवळीसारखे भासतात. प्रत्यक्षात त्यात पंख अडकला की ग्लायडर गर्रकन फिरतो आणि शेपटीकडचा भाग मोडतो. तोडणी झालेल्या फडात उतरावे लागले, तर सरीच्या दिशेनेच उतर, आडवे कधीही नको. ज्वारी काढून मोकळे झालेले सपाट रान मला या सगळ्यांत भरवशाचे वाटते. मात्र महिन्यापूर्वी मोकळे दिसलेले शेत आजही तसेच असेल, असे धरून चालू नकोस. खानापूरच्या बाजूला जंगल आणि बांधाबांधांची भातखाचरे आहेत. पूर्वेकडची मोकळी राने आवाक्यात ठेवण्याइतकी उंची नसेल तर तिकडे वळूच नये.

बागायती शेतात पंपासाठी वीज येते, आणि तारा वरून दिसत नाहीत. खांब शोध, दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहे असेच समज. जमिनीचा चढउतारही उंचावरून कळत नाही, आणि तरीही तो डोळ्यांत भरत असेल तर ते शेत सोडून दे. सौम्य चढ असेल तर चढाच्या दिशेने उतरावे, मग थोडा वारा पाठीमागून असला तरी चालेल. वाऱ्यासाठी गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांकडे आणि जळत्या पाचटाच्या धुराकडे पाहा. आपल्या भागात याहून चांगली खूण नाही.

घरचे मैदान समोर दिसत असताना शेतात उतरणे मनाला फार जड जाते, हे मी जाणतो. तरीही आवाक्याचा हिशेब समोरचा वारा आणि खाली जाणारी हवा धरूनच कर; उत्पादकाने सांगितलेल्या सरकण्याच्या प्रमाणाच्या (एक फूट खाली येताना किती फूट पुढे जाते त्याच्या) निम्म्यावर भागत नसेल, तर मैदानाचा विचार सोड.

उतरल्यावर ग्लायडर एकटा सोडू नकोस, माणसे त्याच्या पंखांवर हात ठेवतील. फोनवरून नेमके ठिकाण कळव. शेतमालक मराठी बोलो वा कन्नड, आधी त्यांना नमस्कार कर, पिकाचे नुकसान दोघांनी मिळून पाहा, आणि ग्लायडर नेण्यासाठी ट्रेलर कोणत्या वाटेने आत आणायचा हे त्यांनाच विचार.

तुझा शुभचिंतक