विहीणबाईंशी तमिळ बोलायचंय

प्रश्न : ताई, आम्ही फोंड्याचे. सून कोइम्बतूरची, ती मराठी मस्त बोलते, पण तिच्या आईला तमिळशिवाय काहीच येत नाही, फोनवर आम्ही विहिणी नुसत्या हसतो. माझं वय ५८. वहीत देवनागरीत शब्द लिहून पाठ करते पण मी बोललेलं त्यांना कळतच नाही. या वयात जमेल का?

उत्तर : जमणार, अगदी नक्की जमणार. फक्त ती देवनागरीची वही बंद करा, सगळा घोळ तिथेच आहे. तमिळमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्व वेगळे आणि दीर्घ वेगळे. आपण दोन्ही वेळा 'एडु' असंच लिहितो, पण ए आखूड असला तर अर्थ 'घे' आणि लांबवला तर पोथीचं पान. आता वहीत बघून तुम्ही कुठला बोलणार? सुनेला तिच्या आवाजात रोज पाच वाक्यं रेकॉर्ड करून द्यायला सांगा आणि स्वयंपाक करता करता ऐका, बस.

आणि मराठी माणसाला अर्धं व्याकरण फुकटात मिळतं हो! 'मला भूक लागलीय' तसंच 'एनक्कु पसिक्कुदु', 'मला पाहिजे' तसंच 'एनक्कु वेणुम', सगळीकडे आपलं 'मला'च. आपण आणि आम्ही हा फरक हिंदीवाल्यांना समजावताना जीव जातो, तुम्हाला तो जन्मापासून येतो, 'नाम' म्हणजे आपण आणि 'नाङ्गळ' म्हणजे आम्ही. निघताना आपण 'जाते' नाही म्हणत, 'येते' म्हणतो ना, तेही 'पोय्ट्टु वरेन' म्हणतात, म्हणजे जाऊन येते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं, परकं काही राहिलंच नाही.

मी तमिळ मुलखात नवीन असताना शेजारच्या अम्मांनी जेवायला बोलावलं होतं. केळीच्या पानावर भात संपत आला की त्या परत वाढायच्या, मी हाताने नको नको करत होते तरी सांबार पडलंच. शेवटी त्यांच्या नातीने कानात सांगितलं, 'पोदुम' म्हण. म्हणजे पुरे. म्हटलं आणि वाढायचा डाव थांबला! तो शब्द मी कुठे लिहून ठेवला नव्हता, आजपर्यंत विसरले नाही. तुम्ही फोन उचलल्यावर पहिलं 'साप्टीङ्गळा?' विचारा, जेवलात का. पुढचं विहीणबाईच बोलतील.

प्रश्न : मी वास्कोचा, नोकरीसाठी चेन्नईला जाणार आहे. पुस्तकातून शिकून इथल्या एका तमिळ मित्राला 'नान वरुगिरेन' (मी येतो) म्हटलं तर तो हसायला लागला. काय चुकलं?

उत्तर : काहीच चुकलं नाही, फक्त ते लिहायचं तमिळ आहे. पुस्तकं, बातम्या, भाषणं यांचं तमिळ वेगळं आणि घरातलं, बसमधलं वेगळं, आपल्या प्रमाण आणि बोलीपेक्षा हे अंतर खूपच जास्त. वरुगिरेनचं तोंडी वरेन होतं, इरुक्किरदु म्हणजे आहे त्याचं इरुक्कु, वेण्डुमचं वेणुम, वेण्डाम म्हणजे नको त्याचं वेणाम. तुम्हाला तिथे जाऊन रिक्षा करायचीय, खोली शोधायचीय, तर आधी बोली शिका. पण पुस्तक फेकू नका, पाट्या आणि पेपर वाचायला तेच लागणार.

प्रश्न : लिपी शिकायलाच हवी का? २४७ अक्षरं आहेत म्हणे! आणि गोव्यात त्याचा उपयोग काय? (डिचोलीहून एक वाचक)

उत्तर : २४७ ला घाबरू नका. १२ स्वर, १८ व्यंजनं, एक आय्दम म्हणजे तीन टिंबांचं वेगळं अक्षर, बाकीची २१६ म्हणजे आपली बाराखडीच. क ख ग घ या चारही आवाजांना एकच अक्षर, ते शब्दाच्या सुरुवातीला बहुतेक क वाचायचं, मध्ये एकटं आलं की ग, जोडून आलं की क्क. ऱ्हस्व ए चं चिन्ह अक्षराच्या आधी लिहून नंतर वाचतात, आपली पहिली वेलांटी तशीच तर आहे. ळ आपल्याकडे आहेच, कष्ट फक्त ऴ चे, जीभ मागे वळवायची पण टाळूला टेकवायची नाही, 'तमिऴ' मधला शेवटचा तोच.

आणि गोव्याचं म्हणाल तर तमिळचे छपाईचे खिळे १५७७ मध्ये आपल्या गोव्यातच पाडले होते! पुस्तक छापलं १५७८ मध्ये कोल्लमला. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला निघालं ते रोमन अक्षरांत, म्हणजे गोव्यात तमिळचे खिळे होते तेव्हा आपली लिपी अजून छापखान्यात पोचायची होती. मला हे फार जवळचं वाटतं.

सराव करायचा तर वास्कोहून वेळांकणीची गाडी आहे, खिडकीची जागा घ्या. तमिळनाडूत स्टेशनच्या पाटीवर तमिळ, हिंदी, इंग्रजी तिन्ही असतं, खालचं हाताने झाकून वरचं तमिळ आधी वाचायचं आणि मग हात काढून बघायचं, बरोबर आलं का.