शर्मन रणगाडा ओळखायला शिकताना

शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी एम४ रणगाडा. त्याचे एम४ए१, ए२, ए३, ए४ हे प्रकार म्हणजे एकापेक्षा एक सुधारलेले रणगाडे, असं धरून चालू नकोस. मुख्य फरक इंजिनाचा. ए२ला जोड डिझेल इंजिनं, ए३ला फोर्डचं व्ही-८, आणि ए४ला क्रायस्लरनं मोटारींची पाच इंजिनं एकत्र बांधून केलेलं ३० सिलिंडरचं धूड! ते मावावं म्हणून सांगाडाच लांबवला. त्यामुळे फोटोत चाकांच्या जोड्यांमधली फट मोठी दिसते. आधी तीच बघ. पुढून मागेपर्यंत गोलसर, ओतीव सांगाडा दिसला की ए१. ब्रिटिशांची फायरफ्लाय, म्हणजे त्यांनी तोफ बदललेली शर्मन, मात्र तोफेवरून ओळखायची: लांबलचक १७ पौंडी (हे गोळ्याचं वजन), आणि टरेटमागे, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजामागे, रेडिओची पेटी, कारण तोफेच्या धक्क्यासाठी आत जागा करावी लागली. बाकी बारकावे सावकाश.