दर्यासारंग : नाव की हुद्दा?

विचारणा अशी आहे : शिवकालीन आरमाराबद्दल वाचताना मायनाक भंडारी या आरमारी सरदाराच्या जोडीला 'दर्यासारंग' भेटतो. हे माणसाचं नाव की पद? आणि सारंग, तांडेल, नाखवा हे सगळे एकच का?

दर्यासारंग हा हुद्दा. पदवीच इतकी रुळली की खालचं नाव मागे पडलं. 'दर्या' फारसी, अर्थ समुद्र. हिंदी-उर्दूत 'दरिया' बहुतेक नदीच होऊन बसला, मराठीने मात्र खारं पाणी सोडलं नाही. 'सारंग' आला 'सरहंग'वरून, म्हणजे फौजेतला अंमलदार. इराणच्या सैन्यात आजही कर्नलला सरहंगच म्हणतात. (वृंदावनी सारंग या रागाशी याचं काही नातं नाही, तो शब्द संस्कृतातला.) फौजेचे शब्द दर्यावर जायची ही एकच वेळ नव्हे. 'लष्कर'चं इंग्रजांनी 'लास्कर' केलं आणि आपल्याकडच्या साध्या खलाशाला चिकटवलं.

पुढे आगबोटींवर सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. माणसं गोळा करून आणणं, कामं वाटून देणं, भांडणं मिटवणं, सगळं त्याच्याकडे. त्याच्या हाताखाली तांडेल. दक्षिणेकडच्या भाषांतही हा शब्द 'तंडल' असा सापडतो. कोळीवाड्यात मात्र तांडेल कुणाच्या हाताखालचा नाही. होडीवर त्याचाच शब्द चालतो, आणि पुष्कळ घरांचं ते आडनावच झालंय.

नाखव्याची गोष्ट वेगळी. मूळ फारसी 'नाखुदा' : नाव अधिक खुदा, नावेचा धनी. हा शब्द आपल्या किनाऱ्यावर किती जुना, तर काठेवाडात सोमनाथजवळच्या वेरावळच्या 1264 सालच्या संस्कृत शिलालेखात होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या जहाजमालकाच्या नावामागे 'नाखू' असं लिहिलंय. या फिरोजने सोमनाथला मशीद बांधली, त्या व्यवहाराचा हा लेख. म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा हा शब्द काठेवाडात दगडावर चढला होता, तोही संस्कृत मजकुरात! जुन्या व्यापारी जहाजांवर नाखुदा बहुधा मालक नाहीतर मालकाचा माणूस असे. सौदा, माल, उतारू तो बघे. वाट दाखवणारा निराळा, 'मुअल्लिम', ज्याचा कच्छी-गुजरातीत 'मालम' झाला. अरबीत मुअल्लिम म्हणजे शिक्षक.

विचारणाऱ्याने एक शब्द सोडला, तो मला सगळ्यांत आवडतो : सुखाणी. अरबी 'सुक्कान' म्हणजे गलबताच्या मागच्या अंगाचं फळकूट, ज्याने दिशा वळते. त्याचंच आपलं 'सुकाणू', आणि ते धरणारा तो सुखाणी. इंग्रजांच्या कानाला तो 'सीकनी' ऐकू आला आणि त्यांच्या कोशांत तसाच नोंदला गेला. मराठी कागदोपत्री सुकाणू उरलंय ते बहुतेक समित्यांपुरतं, पण बोटीवर काम केलेल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सुखाणी अजून असतो.

ऐतिहासिक कथा लिहीत असाल तर एवढं सांभाळा : मिरी-सुपारीचा भाव सारंगाच्या तोंडी घालू नका, तो नाखवा ठरवील. शीड उतरवायचा हुकूम सारंग-तांडेलांचा. आणि पात्राला नुसतं 'दर्यासारंग' म्हणून हाक मारायला लावलीत तरी चालेल, सुभेदाराला सुभेदार म्हणतात तसंच ते.