एमएसडब्ल्यू झालंय, गोव्यात सामुदायिक आरोग्य प्रचार अधिकाऱ्याचं काम कसं मिळेल?

नेमकं हेच पदनाम शोधत बसलात तर फारसं हाती लागणार नाही. 'हेल्थ एज्युकेटर', 'समुपदेशक', 'समन्वयक' या नावांखालीही शोधा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांसाठी कांपालच्या आरोग्य सेवा संचालनालयाकडे लक्ष ठेवा. 'सीएचओ'च्या (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) मागे मात्र लागू नका, ते पद नर्सिंग-आयुर्वेदवाल्यांचं.

सरकारी जागेला १५ वर्षांचा रहिवासी दाखला मागतात. मामलेदार कचेरीतून आधीच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. कोंकणी अनिवार्य, आणि ती पुस्तकी नको: काणकोणच्या वाड्यावर आजीला डेंग्यूसाठी पिंप आठवड्याला घासून कोरडं करायला पटवता आलं पाहिजे.

संस्थांमध्ये 'संगाथ' बघा, १९९६पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते. मी तर सुरुवात तिथूनच करायला सांगेन.